बनादिरचे ऊन

‘बंदर’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि कोकणच्या किनाऱ्यावर असा रुजला की तो परका आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. हाच शब्द अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावरही उतरला. तिथे त्याचे अरबी वळणाचे अनेकवचन झाले, बनादिर, म्हणजे बंदरे. सोमालियाच्या किनाऱ्यावरच्या एका पट्ट्याला शतकानुशतके हेच नाव आहे आणि त्या पट्ट्यातले सर्वांत मोठे बंदर म्हणजे मोगादिशू. तिथले लोक त्याला प्रेमाने हमर म्हणतात. १३३१ साली इब्न बतूता इथे उतरला तेव्हा हे गजबजलेले व्यापारी शहर होते. इथल्या मागांवर विणलेले कापड थेट इजिप्तपर्यंत जात होते, असे त्याने लिहून ठेवले आहे.

आता या शहराचे नाव आपल्या कानावर पडते ते बॉम्बस्फोट, समुद्री चाचे आणि दुष्काळ यांच्या बातम्यांत. त्या बातम्या खोट्या नाहीत. पण या शहराजवळ एक संपत्ती आहे. तिची बातमी होत नाही, आणि तीस वर्षांच्या यादवीला ती लुटताही आली नाही. ती संपत्ती म्हणजे इथले ऊन.

मोगादिशू विषुववृत्ताच्या उत्तरेला अवघ्या दोन अंशांवर आहे. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यावर ‘शून्य सावली दिवस’ येतो, शाळेतली मुले गच्चीवर बाटली उभी करून तिची सावली नाहीशी होताना पाहतात. मुंबई-पुण्यात तो मेमध्ये येतो आणि पुन्हा जुलैअखेर, पण त्या वेळी ढगांमुळे तो दिसत नाही. मोगादिशूत हेच दिवस मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर येतात. या दोन तारखांच्या मधले जवळजवळ सहा महिने सूर्य दुपारी उत्तरेकडे झुकलेला असतो आणि उरलेले सहा महिने दक्षिणेकडे. मात्र तो फार खाली कधीच उतरत नाही. डिसेंबरच्या ऐन मध्यान्ही मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, मोगादिशूत त्याच दिवशी तो ६४ अंशांच्या वर असतो. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत तिथे जेमतेम पाव तासाचा फरक पडतो. सहाच्या सुमारास उजाडते, सहाच्या सुमारास मावळते, आणि संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांत आटोपतो. वर्षभर हाच क्रम.

वीज तयार करणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी देणगी आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये डिसेंबरमध्ये जमिनीवर पडणारे ऊन जूनमधल्या उन्हाच्या दहाव्या हिश्श्याइतकेही नसते. तिथे उन्हाळ्यातली वीज हिवाळ्यासाठी साठवायची कशी, हा प्रश्न भल्याभल्यांना सुटलेला नाही. विषुववृत्ताजवळच्या गावाला हा प्रश्नच पडत नाही. त्याला वीज साठवायची ती फक्त एका रात्रीपुरती.

इथे मात्र एक चूक बहुतेक जण करतात. विषुववृत्त म्हटले की रणरणते ऊन, असे आपण धरून चालतो. सूर्य डोक्यावर आहे म्हणून ऊन जमिनीपर्यंत पोहोचतेच असे नाही, मध्ये ढग असतात. हे कळण्यासाठी सिंगापूरकडे पाहावे. सिंगापूर विषुववृत्ताच्या आणखी जवळ, सव्वा अंशावर आहे. तेही समुद्रकाठी, तेही बंदर. सूर्याची चाल दोन्ही शहरांत जवळपास सारखीच. पण सिंगापुरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि दुपार झाली की ढग दाटून येतात. तिथे दर चौरस मीटरवर दिवसाला सरासरी साडेचार युनिटांच्या आसपास सौरऊर्जा पडते, आणि त्यातला निम्म्याहून जास्त प्रकाश ढगांतून गाळून, विखरून आलेला असतो. आपल्या सोलापूरच्या गच्चीवर सिंगापूरपेक्षा जास्त ऊन पडते! मोगादिशूत वर्षाचा पाऊस सुमारे ४३० मिलिमीटर. तेवढा रत्नागिरीत जुलैच्या एखाद्या पंधरवड्यात कोसळतो. वर्षभरात सुमारे तीन हजार तास स्वच्छ ऊन आणि दर चौरस मीटरवर दिवसाला सरासरी सहा युनिटांच्या जवळपास ऊर्जा, हा मोगादिशूचा वाटा आहे.

एकाच अक्षवृत्ताच्या शेजारी, दोन्ही समुद्राला लागून, मग एक ओले आणि एक कोरडे का? याचे उत्तर वाऱ्यात आहे, आणि तो वारा आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. जून ते सप्टेंबर या काळात दक्षिण गोलार्धातून निघालेला एक जोरदार झोत विषुववृत्त ओलांडतो, केनिया आणि सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर धावतो, मग पूर्वेला वळून अरबी समुद्र पार करतो आणि सह्याद्रीवर आदळतो. फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. त्याला सोमाली झोत म्हणतात. आपण त्याला नैऋत्य मोसमी वारा म्हणतो आणि त्याच्या भरवशावर पेरण्या करतो.

हा वारा सोमालियाच्या किनाऱ्यावर थेट चढून येत नाही. तो किनाऱ्याला घासून पुढे जातो. शिवाय त्याच्या ढकलण्यामुळे समुद्राचे वरचे कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर सरते आणि खालचे थंड पाणी वर येते. थंड पाण्यावरची हवा सहजी वर उठत नाही, आणि हवा उठली नाही की मोठे ढग बांधले जात नाहीत. सोमाली लोक वर्षाचे चार ऋतू मानतात. गु आणि देयर हे पावसाचे, जिलाल हा कडक कोरडा, आणि हगा हा याच वाऱ्याचा. हगात किनाऱ्यावर हलक्या सरी शिंपडल्या जातात, आकाश काही दिवस झाकोळते, पण धो धो पाऊस नाही. तो पुढे आपल्या वाट्याला येतो. कोकणची ओली भात-खाचरे आणि मोगादिशूची कोरडी ऊनभरली आकाशे एकाच वाऱ्याच्या दोन बाजू आहेत, हे मला पहिल्यांदा नीट उमगले तेव्हा नकाशाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

आता या उन्हाची वीज किती होईल, याचा हिशेब करू. तो अवघड नाही. एका चौरस मीटरवर दिवसाला सहा युनिटे ऊर्जा पडते असे धरा. आजचे चांगले पॅनेल त्यातला पाचवा हिस्सा विजेत बदलते, म्हणजे १.२ युनिट. उष्णता, धूळ, तारा, इन्व्हर्टर यांत वीस-पंचवीस टक्के जातात. हाती उरते रोजचे सुमारे ०.९ युनिट, एका सतरंजीएवढ्या जागेतून. एक किलोवॅटचा संच वर्षाला साधारण १६०० युनिटे देईल. सिंगापुरात तोच संच १२०० च्या आसपास देतो. शहरातल्या छपरांपैकी फक्त एक चौरस किलोमीटर छप्पर वापरले आणि चालायला, दुरुस्तीला वाट सोडून दर किलोवॅटला दहा चौरस मीटर जागा दिली, तर १०० मेगावॅट होतात. वर्षाला १६ कोटी युनिटे.

पॅनेल कसे बसवायचे, यातही विषुववृत्ताचे वेगळेपण आहे. आपल्याकडचा कारागीर डोळे मिटून पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे करतो आणि पुण्यात त्याला अठरा-वीस अंशांचा उतार देतो. मोगादिशूत सूर्य अर्धे वर्ष उत्तरेला आणि अर्धे वर्ष दक्षिणेला असतो. हिशेबाने पॅनेल जवळजवळ आडवेच ठेवायला हवे. पण आडव्या काचेवर धूळ बसते आणि पडलेल्या पावसाचे पाणीही साचून राहते, म्हणून दहाएक अंशांचा उतार द्यावा लागतो. काही ठिकाणी निम्मी पॅनेले पूर्वेला आणि निम्मी पश्चिमेला तोंड करून घराच्या छपराच्या दोन उतारांसारखी बसवतात. त्यामुळे दुपारची वीज थोडी कमी होते, पण सकाळी आणि संध्याकाळी जास्त मिळते, आणि घरात वीज लागते ती मुख्यतः त्याच वेळी.

समुद्रकाठी दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध काम करतात. सौर पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. पॅनेलचे तापमान एका अंशाने वाढले की त्याची शक्ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते आणि भर दुपारी ते सहज साठ अंशांपर्यंत तापते. इथे समुद्रावरून येणारा वारा उपयोगी पडतो, तो पॅनेलच्या खालून वाहिला पाहिजे एवढी उंची मात्र ठेवावी लागते. हाच वारा मीठही घेऊन येतो. कोकणात ज्याने खिडकीचे गज गंजताना पाहिले आहेत त्याला हे समजावून सांगायला नको. चौकटीचे स्क्रू, तारांचे जोड, इन्व्हर्टरची पेटी सगळे मीठ खाते. किनाऱ्यावर लावायच्या पॅनेलांची खारट धुक्यात वेगळी चाचणी घेतलेली असते, अशीच पॅनेले घ्यावी लागतात. स्वस्तातला माल इथे चार पावसाळेही काढत नाही. त्यात जिलालच्या दिवसांत जमिनीकडून धूळ येते, पाऊस नसतो, आणि धुवायला गोडे पाणी कुठून आणायचे? शबेले नदी शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर येते आणि समुद्राला न भेटताच नैऋत्येकडे वळून किनाऱ्याला समांतर वाहत जाते. पाण्याचा प्रत्येक हंडा मोलाचा असलेल्या गावात पॅनेल कोरड्या फडक्याने, पहाटेचे दव असतानाच पुसण्याची सवय लावून घ्यावी लागते.

एवढे ऊन असताना हे शहर आजवर चालले ते डिझेलवर.

१९९१ मध्ये सोमालियाचे केंद्र सरकार कोसळले. त्याबरोबर सरकारी वीजयंत्रणाही गेली. केंद्रे लुटली गेली, तांब्याच्या तारा खांबांवरून उतरवून विकल्या गेल्या. त्यानंतरच्या वर्षांत ज्याच्याजवळ थोडे भांडवल आणि एक डिझेल जनरेटर होता तो आपल्या गल्लीचा वीजपुरवठादार झाला. एकेका वस्तीला आपापला जनरेटर आणि आपापल्या लोंबत्या तारा. सरकार नसलेल्या शहरात लोकांनी दिवे पेटते ठेवले, ही साधी गोष्ट नाही. त्या माणसांबद्दल मला आदर वाटतो. पण त्याची किंमत भयंकर होती. एक लिटर डिझेलमधून मध्यम आकाराचा जनरेटर तीन ते साडेतीन युनिटे वीज काढतो. डिझेल बोटीने येणार, बंदरावर उतरणार, चौक्यांवर पैसे देत शहरात पोहोचणार. लिटरला एक डॉलर धरला तरी नुसत्या इंधनाचेच युनिटमागे तीस सेंट होतात. त्यावर यंत्र, माणसे, गळती आणि नफा. २०१० च्या दशकात सोमालियाच्या काही भागांत ग्राहक एका युनिटला एक डॉलरपर्यंत मोजत होते. जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एकात जगातली अत्यंत महाग वीज! पुढे छोटे पुरवठादार एकत्र येऊन मोठ्या कंपन्या झाल्या. मोगादिशूतली बेको ही त्यांतली सर्वांत मोठी. तिने डिझेलच्या जोडीला काही मेगावॅटची सौर केंद्रे उभारली आणि दर बरेच खाली आले. तरीही मराठी वाचकाला त्या बिलाचा आकडा पाहून धक्का बसेल.

महाग विजेची झळ कुठे लागते हे पाहायचे तर बर्फाचे घ्या. मघाशी ज्या थंड पाण्याचा उल्लेख आला, ते खोलातून येताना खनिजे घेऊन वर येते. त्यावर शेवाळ वाढते, शेवाळावर मासे. सोमालियाचा समुद्र त्यामुळे माशांनी समृद्ध आहे, आणि आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सर्वांत लांब किनारा याच देशाला लाभला आहे. पण मासा बोटीतून उतरल्यावर त्याला बर्फ लागतो. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात किंवा मालवणात कुणालाही विचारा, बर्फ मिळाला नाही तर बोट बंदरातून हलत नाही. बर्फाला वीज लागते, आणि वीज डिझेलच्या भावाची असेल तर बर्फ माशाला परवडत नाही. मग कोळी जवळच्या पाण्यात फिरतो, थोडे पकडतो आणि मिळेल त्या भावाला संध्याकाळच्या आत विकून टाकतो.

इथे सूर्याचा उपयोग फार सोपा होतो. बर्फ रात्री करावा लागत नाही. ऊन असेल तेव्हा यंत्र चालवावे, बर्फ करावा आणि जाड भिंतींच्या खोलीत ठेवावा. तो बर्फ हीच साठवलेली वीज. असेच पाण्याचे. पंप दिवसा चालवून टाकी भरून ठेवली की रात्री नळाला पाणी वरून आपोआप येते. लस ठेवायचे काही फ्रीज तर बॅटरीशिवायच सूर्यावर चालतात, दिवसा आतल्या कप्प्यांत बर्फ धरतात आणि रात्रभर त्याच्या थंडीवर राहतात. मध्य सोमालियातल्या धुसमरेब गावच्या रुग्णालयात २०२१ मध्ये सूर्यऊर्जेवर चालणारे प्राणवायूचे संयंत्र बसले. ज्या तान्ह्या मुलांना न्यूमोनियात चार-सहा तास प्राणवायू मिळण्यावर सगळे अवलंबून असते, त्यांच्यासाठी डिझेल संपण्याची भीती गेली. सौरऊर्जेच्या चर्चेत मेगावॅटचे मोठे आकडे फेकले जातात. मला ही बर्फाची खोली, ही पाण्याची टाकी आणि हा प्राणवायूचा बाटला जास्त महत्त्वाचा वाटतो.

रात्रीचा प्रश्न उरतोच. सूर्य सहाला मावळतो आणि दिवे, पंखे, दूरचित्रवाणी, दुकाने यांची मागणी नेमकी त्याच वेळी चढते. तिथे बॅटरी लागते, आणि बॅटरीला पैसा. याबाबतीत सिंगापूरने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्या देशाची वीज ९५ टक्के नैसर्गिक वायूवर तयार होते, जमीन साधारण ७३५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईहून जराशी मोठी. सूर्य ढगाआडचा, जागा नाही, तरी त्यांनी सरकारी वसाहतींच्या हजारो छपरांवर पॅनेले बसवली. २०२१ मध्ये तेंगेह जलाशयावर ४५ हेक्टर पाण्यात १ लाख २२ हजार पॅनेले तरंगत ठेवून ६० मेगावॅटचे केंद्र सुरू केले. २०२३ च्या सुरुवातीला जुरोंग बेटावर २८५ मेगावॅट-तासांची बॅटरी उभी केली, तीही सहा महिन्यांत. ढग आला की वीज झपकन पडते, तो खड्डा ती भरून काढते. हे सगळे करून २०३० साठी त्यांनी जे दोन गिगावॅटचे लक्ष्य ठेवले, ते त्यांच्या गरजेच्या तीन टक्क्यांच्या आसपासच जात होते. बाकीची स्वच्छ वीज समुद्राखालच्या तारांतून शेजाऱ्यांकडून आणण्याच्या योजना ते आखत आहेत.

ऊन कमी पण पैसा, यंत्रणा आणि विश्वास भरपूर, हे सिंगापूर. मोगादिशूत नेमके उलटे. तिथे गुंतवणूक करणाऱ्याला पंचवीस वर्षे चालणाऱ्या पॅनेलचे पैसे फिटेपर्यंत शहर शांत राहील का, हा प्रश्न पडतो. डिझेल जनरेटर ट्रकवर टाकून हलवता येतो आणि त्याचा खर्च रोजच्या रोज भागतो. सूर्याचा सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो, मग तो फुकट. ज्या देशात बँकेचे कर्ज दुर्मीळ आणि महाग, तिथे फुकटचे ऊनही महाग पडते. २०२१ च्या डिसेंबरमध्ये जागतिक बँकेने सोमालियाच्या वीजक्षेत्रासाठी १५ कोटी डॉलर मंजूर केले, त्यामागचे कारण हेच. आणखी एक अडचण नियमांची. आपल्याकडे गच्चीवरची जादा वीज महावितरणच्या तारेत सोडता येते आणि बिलातून वळती होते. जिथे तारच खासगी कंपनीची आहे आणि तिचे उत्पन्न वीज विकण्यावर चालते, तिथे छपरावरची वीज विकत घ्यायला तिने का तयार व्हावे? हे ठरवायला सरकारच लागते, आणि तेही सर्वांना मान्य असलेले.

शिवाय छप्पर असणारेच छपराचा हिशेब करू शकतात. मोगादिशूच्या कडेने दुष्काळ आणि लढाई यांतून पळून आलेल्या लाखो माणसांच्या वस्त्या आहेत. काठ्या वाकवून, वर कापड आणि प्लास्टिक टाकून केलेल्या झोपड्या. त्यांना बुल म्हणतात. तिथे रांधायला कोळसा. सोमालियाची बाभळीची राने तोडून हा कोळसा होतो. तो परदेशी विकून लढाईला पैसा मिळतो म्हणून २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्याच्या निर्यातीवर बंदी घातली. घरची चूल मात्र त्याच्यावरच चालते, कारण या भावाच्या विजेवर भात शिजवणे कुणालाच शक्य नाही. त्या झोपडीत सूर्य पोहोचतो तो हातात मावणाऱ्या कंदिलाच्या रूपाने, दिवसा वर ठेवायचा, रात्री खाली आणायचा. सोमालियात मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत फार आधीपासून रुळली आहे, तेव्हा थोडे थोडे हप्ते फेडत मोठा संच घेणेही अशक्य नाही. पण सुरुवात त्या कंदिलापासून आहे, आणि मदत करणाऱ्या संस्थांनी तंबूबरोबर तो कंदील द्यायलाच हवा.

एक लिटर डिझेल तीन ते साडेतीन युनिटे देते आणि संपते. मोगादिशूच्या गच्चीवरचे एक चौरस मीटर पॅनेल तेवढीच वीज चार दिवसांत देते, आणि ते पंचवीस वर्षे देत राहते.